घोड्याच्या नालेतला नीलम

अंगठीत खडा बसवणं हा माझा धंदा. बोटातून अंगठी काढणं हा नव्हे. ती ज्याची तो काढतो, साबण लावून नाहीतर तूप लावून. तरी एकदा मला अंगठी काढायलाच बोलावणं आलं. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून संपादकांनी लकडा लावला, तेव्हा दुसरं काही आठवेचना. म्हणून तेच लिहितो.

जुन्नरच्या बाजारपेठेत सराफांच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक बैठं मेज, एक दिवा आणि हत्यारांचा डबा. सराफ दागिने विकतात, मी त्यांत खडे बसवतो. माझे वडीलही हेच करायचे. मी मुसलमान, आणि माझं निम्मं आयुष्य शनी, राहू, केतू यांची बडदास्त ठेवण्यात गेलं. गिऱ्हाईकं थट्टा करतात, "चाचा, तुमचं आन् शनीचं लई जमतंय!" मी म्हणतो, जमवून घ्यावंच लागतं बाबा, त्याच्यावरच घर चालतं.

ज्यांना या गोष्टींची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे खडा ठरतो तो पत्रिकेवरून. नऊ ग्रह, नऊ रत्नं. सूर्याला माणिक, चंद्राला मोती, गुरूला पुष्कराज, शनीला नीलम. बोटंसुद्धा ठरलेली, शनीचं मधलं. वजन सव्वाच्या हिशेबात, सव्वापाच रत्ती, सव्वासात रत्ती; नुसतं पाच म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हल्ली मोबाइल बघून येणारी कॉलेजची मुलं वेगळं मागतात. त्यांना इंग्रजी महिन्याचा खडा हवा असतो. जानेवारीला तामडा, जूनला मोती, सप्टेंबरला नीलम. ही बारा खड्यांची कल्पना परदेशातली. तिकडे म्हणे फार जुन्या काळी एका धर्मगुरूच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्नं होती, त्यावरून बारा महिने आले, आणि पुढे तिथल्या जवाहिऱ्यांनी आपल्या सोयीनं यादी पक्की केली. आमच्या भागात ती यादी चालायची नाही. इथल्या जुन्या माणसांच्या शाळेतल्या जन्मतारखा गुरुजींनी घातलेल्या, सगळ्या एक जूनच्या. त्या हिशेबानं अर्ध्या जुन्नर तालुक्याला मोती घालावे लागतील.

यातलं खरं किती, असं मला लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. माझ्या स्वतःच्या बोटात वडिलांचा अकीकाचा खडा आहे आणि तो काढून ठेवायची माझी हिंमत नाही, तेव्हा दुसऱ्याला शहाणपण शिकवायला मी जात नाही. पण एक गोष्ट धंद्यातली आहे आणि ती पुढे कामाला येणार आहे. ग्रहाचा खडा कधी बंद घरात बसवत नाहीत. ज्या वाटीत खडा बसतो तिला आम्ही घर म्हणतो. शोभेच्या अंगठीत ते घर खालून बंद असलं तरी चालतं. ग्रहाच्या अंगठीत खालून भोक ठेवायचं, म्हणजे खड्याचं टोक कातडीला लागतं. लागलं नाही तर गुण येत नाही, असं सगळे मानतात. मीही भोक ठेवतो.

नीलमाचा दरारा तर विचारूच नका. नीलम सोसतो की नाही हे आधी बघावं लागतं. निळ्या कापडात बांधून उशाखाली ठेवायचा आणि स्वप्नं कशी पडतात ते बघायचं. ओतूरच्या एका गिऱ्हाइकानं तो दुसऱ्याच दिवशी परत आणला होता. का, तर स्वप्नात सासरे आले. माझ्या मते त्यात नीलमाचा काही दोष नव्हता.

शोभा माझ्याकडे आली ती याच नीलमासाठी. माहेर ओतूरचं, सासर पेठ गावाजवळच्या एका वाडीवर. तिशीतली, काटक, बोलायला फटकळ. खडा तिनं ओतूरच्या सराफाकडून घेतला होता. अंगठी मात्र सोन्याची नको होती, चांदीची नको होती, तिला घोड्याच्या नालेची हवी होती. शनीला लोखंड आवडतं, आणि त्यातही काळ्या घोड्याच्या खुराला झिजलेली नाल सगळ्यांत चांगली, असं मानतात. तिनं ती बेल्ह्याच्या बाजारातून मिळवली होती आणि तिथल्याच लोहाराकडून वळं ठोकून आणलं होतं. वळं कसलं, बैलगाडीच्या चाकाला शोभेल असा जाड ऐवज.

"ताई, हे बोटात जड होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या. मला मिरवायचं न्हाई."

लोखंडावर खडा बसत नाही. लोखंड वळत नाही, दाबलं जात नाही. मग मी वळ्याचा माथा कानशीनं घासून पातळ केला, त्याला आरपार भोक पाडलं, तिथं चांदीचं घर डाख देऊन, म्हणजे झाळून, बसवलं आणि त्या घरात नीलम जडवला. काम झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू. तिनं अंगठी तिथल्या तिथं मधल्या बोटात घातली आणि खालून टोक लागतंय का ते दाबून पाहिलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "साडेसाती माझी न्हाई चाचा. मालकांची हाय. त्यांना अंगठी चालत न्हाई. मालट्रकचा मागचा फाळका लावताना एका डायवरचं बोट अंगठीसकट गेलं, तवापासून ते घालत न्हाईत. म्हणून मीच घालते. त्यांना ठाव न्हाई. तुमीबी बोलू नका."

असं नवऱ्याच्या नावानं बायकोनं घालणं मला नवीन नव्हतं. आया मुलांच्या नावानं घालतात, बहिणी भावांच्या. मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

पुढच्या पावसाळ्यात, सकाळीच, तिचा धाकटा दीर गणेश मोटारसायकलवरून दुकानात येऊन थडकला. अंगावर चिखल, डोळे लाल.

"चाचा, चला. वहिनीला पान लागलंय."

आमच्याकडे साप चावला असं सरळ कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. कापलेलं गवत उचलताना मुठीतच घोणस आली होती. दवाखान्यात नेलं होतं, इंजेक्शनं सुरू होती. मग मी कशाला?

"हात लई सुजलाय. अंगठी निघंना. डॉक्टरीणबाई म्हणत्यात कापली न्हाई तर बोट जाईल. त्यांच्याकडचं कापायचं यंत्र त्या लोखंडावर चालंना. आन् वहिनी तर हातच लावू देईना."

मी डबा उचलला. निघता निघता मेजाखालचा जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडाही खिशात टाकला. मोटारसायकलवर मागे बसून मी सगळा रस्ता एकच विचार करत होतो. सोनं असतं तर कात्रीनं कापलं असतं. चांदी असती तर यंत्रानं कापली असती. नालेचं लोखंड हातकरवतीनं कापायचं म्हणजे वेळ लागणार, आणि पातं घसरलं तर थेट मांसात जाणार.

दवाखाना हायवेलगतच होता. शोभा खाटेवर बसून होती, पाठीला उशी, डाव्या हाताला सलाइन. उजवा हात कोपरापर्यंत फुगला होता. बोटं एकमेकांना चिकटली होती, कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि मधलं बोट अंगठीच्या पुढं जांभळं पडलं होतं. वळं मांसात इतकं रुतलं होतं की कडा दिसत नव्हत्या. वर फक्त चांदीचं घर आणि तो निळा खडा दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई शांत होत्या, पण घाईत होत्या.

"घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही," त्या म्हणाल्या. "औषध चालू आहे, पण ते काम करेपर्यंत तिला जखम झाली तर रक्त थांबवणं मला कठीण जाईल. दोरा गुंडाळून अंगठी ओढता येणार नाही, कातडी सोलून निघेल. कापावीच लागेल, आणि एक ओरखडा उठता कामा नये. जमेल?"

"शोभा स्थिर बसली तर जमेल."

"तेच तर ती करत नाहीये."

खरंच करत नव्हती. मी नुसता डबा उघडला तर तिनं तो सुजलेला हात छातीशी ओढून घेतला आणि वेदनेनं कळवळली.

"चाचा, तुमाला सगळं ठाव हाय. तुमी तरी कापू नका."

"बोट जाईल, शोभा."

"जाऊ द्या. एक गेलं तर नऊ ऱ्हात्यात." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते गाडीवर हायेत. टोमॅटो भरून रातीच नाशकाकडं गेलेत. घाटात फोन लागंना. आन् अशा टायमाला तुमी माझ्या हातातला शनी तोडताय? ते घरी येऊ द्या. मग अख्खा हात कापा."

दीर दारात उभा राहून पुन्हा पुन्हा फोन लावत होता. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. गुंगीचं औषध द्यायला त्या तयार नव्हत्या, श्वासाकडे लक्ष ठेवायचं होतं. जबरदस्तीनं हात धरावा तर एका हिसक्यात माझं पातं आत जाणार. म्हणजे तिनं हो म्हटल्याशिवाय काही होणार नव्हतं.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिचा आला, तिला नीलम सांगणाऱ्या ज्योतिष्याचा आला, घोड्याचासुद्धा आला. हे सगळं थोतांड आहे असं तोंडावर म्हणावंसं वाटलं. पण ज्या माणसानं हयातभर तेच थोतांड पॉलिश करून दिलं त्यानं ते आत्ता म्हणायचं, तर तिनं का ऐकावं? शिवाय थोतांड म्हटल्यानं तिची भीती कमी होणार नव्हती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि माझ्या धंद्याचंच बोललो.

"शोभा, ग्रह कशात असतो? लोखंडात का खड्यात?"

तिनं खड्याकडे पाहिलं.

"मी खालून भोक कशाला ठेवलं? खडा अंगाला लागावा म्हणून. लोखंड नुसतं बसायचं आसन. आसन बदललं तर देव जातो का?"

"न्हाई," ती सावकाश म्हणाली.

"मग मी आधी खडा सोडवतो. तो माझ्या हातात ठेवणार नाही, मेजावर ठेवणार नाही. इथून उचलला की सरळ तुझ्या डाव्या मुठीत. तू मूठ आवळ. तुझ्या अंगापासून तो सुटत नाही. मग राहिलं ते नुसतं लोखंड. ते तोडलं तर शनीला काय त्याचं?"

तिनं डावी मूठ उघडून मिटून पाहिली. "आन् मधी पडला तर?"

"आजपर्यंत माझ्या हातून खडा पडलेला नाही."

हे मात्र थोतांड होतं. कितीतरी पडलेत. खडे पडतात म्हणून तर आम्ही मांडीवर कापड घेऊन बसतो. पण तिनं हात पुढं केला.

वाचणाऱ्याला वाटेल मी फक्त तिची समजूत काढत होतो. तसं नव्हतं. खडा काढल्याशिवाय मला वाटच नव्हती. वळ्याखाली केसाएवढी फट नव्हती, त्यामुळे कातडी वाचवायला खाली काही सरकवता येत नव्हतं. खडा निघाला तर चांदीच्या घराचं भोक मोकळं होणार होतं, आणि त्या भोकातून स्प्रिंगची पातळ पट्टी वळ्याखाली घालता येणार होती. आणि वळं सगळ्यांत पातळ कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं, कारण तिथलं लोखंड मीच घासलं होतं.

नर्सनं दिवा जवळ धरला. मी बोथट टोचणीनं चांदीची कड उचलायला सुरुवात केली. चांदी मऊ, ती ऐकते, पण जोर खाली लागता कामा नये, कारण खाली लगेच ते जांभळं बोट होतं. इकडून थोडी, तिकडून थोडी. शोभा ओठ चावून छताकडे बघत होती. खडा हलला तेव्हा मला तो दिसण्याआधी बोटाला कळला. मी तिची डावी मूठ शेजारी आणायला सांगितली, चिमट्यानं खडा उचलला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं मूठ इतक्या जोरात मिटली की सलाइनची नळी ताणली गेली.

"आला?" डोळे मिटूनच तिनं विचारलं.

"आला. आता तू माझ्याकडे बघू नको."

पट्टी आत सरकेना. सुजलेलं मांस त्या भोकातूनही वर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः ते बोथट सळीनं खाली दाबून धरलं, मी पट्टीला तेल लावलं आणि श्वास रोखून ती आडवी ढकलली. ती गेली. मग घराच्या एका बाजूला, पातळ लोखंडावर, करवत लावली. लोखंड तापू नये म्हणून नर्स थेंब थेंब पाणी सोडत होती आणि काळं पाणी चादरीवर उतरत होतं. पहिला काप अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या चष्म्यावर घाम उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. नर्सनं न सांगता पुसला.

पहिली बाजू सुटली. दुसऱ्या बाजूचा काप जवळजवळ पार होत आला होता, आणि तेवढ्यात दारात गणेशचा फोन वाजला.

"दादा!" तो ओरडला.

शोभानं हिसका दिला. पातं कट्‌कन तुटलं आणि करवतीची चौकट पट्टीवर आपटली. डॉक्टरीणबाईंनी वाकून कापसानं ती जागा टिपली. कापूस वर उचलून पाहिला. काळा होता, लाल नव्हता.

मला त्या घटकेला अल्ला आठवला, आणि शनीही आठवला.

"दादा बरा हाय, वहिनी," गणेश रडत म्हणत होता. "नाशकात माल उतरवलाय. माघारी निघालाय. बोलतोय बगा." पण शोभा फोन घेईना. डावी मूठ उघडावी लागली असती. शेवटी त्यानंच फोन तिच्या कानाला धरला. ती फक्त एवढंच म्हणाली, "हळू या. घाई करू नका. मी बरी हाय."

मी दुसरं पातं चढवलं. उरलेला काप पुरा झाला आणि चांदीचं घर वळ्यापासून सुटून हातात आलं. मग दोन पकडी दोन टोकांना लावून लोखंड फाकवलं. फार जोर लागला. नालेचं लोखंड सहजासहजी कुणाचं ऐकत नाही. वळं निघालं तेव्हा बोटावर खोल पांढरी खाच राहिली, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या खाचेच्या पुढं रंग बदलायला लागला. जांभळ्याचा गडद लाल झाला. डॉक्टरीणबाईंनी नखावर दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. बोट राहील, थोडं ताठ राहील कदाचित, असं त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. परत जायला गणेश सोडणार होता, पण मला तिथून हलवेना.

बाळू, म्हणजे शोभाचा नवरा, दिवस कलायच्या सुमारास आला. गाडी हायवेवरच उभी करून धावत आला असावा. धिप्पाड माणूस, अंगाला टोमॅटोचा आंबूस वास. बायकोचा हात पाहून तो खाली बसला. मग त्याचं लक्ष खाटेशेजारच्या ताटलीत गेलं. तिथं तोडलेलं लोखंड पडलं होतं.

"ह्ये काय व्हतं? इतकं जाड कशाला घातलं व्हतं?" त्यानं शोभाला विचारलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी न बोलण्याचा शब्द दिलेला होता, तेव्हा मीही बोललो नाही. पण गणेशनं दिवसभरात सगळं ऐकलं होतं, आणि त्याला काही राहवलं नाही. साडेसाती कुणाची, अंगठी कुणाच्या नावाची, वहिनी बोट द्यायला कशी तयार झाली होती, सगळं त्यानं सांगून टाकलं.

बाळू कितीतरी वेळ ते लोखंड हातात फिरवत राहिला. मग बायकोवर ओरडला, "येडी का खुळी तू! मला काय हुतंय? मी केबिनमंदी बसतोय. पान तुला लागलं ना?" आणि बोलता बोलता त्याला रडू फुटलं. तोंड पुसून तो माझ्याकडे वळला आणि हात पुढं केला. "चाचा, माझ्या मापाची एक करा. हिच्या नावाची. लागंल त्या खड्याची."

खरं सांगतो, माझ्या मेजासमोर येऊन बायकोच्या नावानं खडा मागणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. वडिलांनीही कधी सांगितला नाही. अशा गिऱ्हाइकासाठी मी रात्र जागून अंगठी केली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर सकाळचं ते जांभळं बोट होतं, आणि फाळक्यात गेलेलं दुसऱ्या कुणाचं तरी बोटही होतं.

"तुला अंगठी मी करणार नाही," मी म्हणालो.

"मग मी हिच्यासाठी काय घालू?"

"काही घालू नको. घरी असशील तेव्हा गवताला तू जात जा."

मला वाटलं, आता हा चिडणार. पण खाटेवरून शोभा हसली, दिवसभरात पहिल्यांदा, आणि हसताना हात दुखला म्हणून कण्हली.

"जाईन," बाळू म्हणाला. "उद्यापासून मीच जाईन. आता तरी तो खडा दे इकडं."

शोभानं मान हलवली आणि मूठ पदराखाली घेतली.